वाऱ्यावर सोडलेल्या मुली

मुलगी वयात आली हे सांगायला मराठीत शब्दांची वानवा नाही. तिला न्हाण आले, पदर आला, ती मोठी झाली, शहाणी झाली. आजीच्या काळी या शब्दांच्या मागोमाग मखर, ओटी, गोडधोड, शेजारणींची गाणी असा सगळा सोहळा येत असे. त्या सोहळ्यामागे पोरीला लवकर संसाराला जुंपण्याची घाई होती, म्हणून तो गेला ते बरेच झाले. पण निदान त्या शब्दांना काही अर्थ होता. आता तिसरीत शिकणारी, दुधाचे दात पडून पुढचे दोन नुकतेच उगवलेली, रात्री आईच्या कुशीत शिरल्याशिवाय झोप न येणारी आठ वर्षांची पोर 'शहाणी' झाली, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

हा विषय चारचौघांत बोलायचा नाही असा आपल्याकडे दंडक आहे. म्हणून तो कार्यालयात डबा खाताना हळू आवाजात निघतो, लग्नाच्या मंडपात मागच्या रांगेत निघतो. पहिला उद्गार ठरलेला असतो, "आतांच्या चेडवांक सगळें बेगीन." दुसऱ्या वाक्यापासून आरोपी शोधणे सुरू होते. ब्रॉयलर कोंबडी. मोबाईल. टीव्हीवरच्या मालिका. बेकरीचे पदार्थ. आणि शेवटी, सगळ्यांच्या मनात असलेली पण एखादीच्याच तोंडून बाहेर पडणारी गोष्ट, 'आईचे लक्ष नाही.' आई नोकरी करत असेल तर मग बघायलाच नको, निकाल तिथल्या तिथे लागतो.

या यादीत हवा कधीच नसते. ज्या हवेतून ती पोर दिवसातून हजारो वेळा श्वास घेते, तिचे नाव कोणी काढत नाही. माझे भांडण आहे ते या गप्प बसण्याशी.

यात एक ऐतिहासिक गंमत आहे, आणि ती मराठी वाचकाला तरी ठाऊक असायला हवी. एके काळी आपण मुलींच्या वयात येण्याचा सगळा दोष हवेवरच टाकत होतो! 1891 साली संमतिवयाचा कायदा आला आणि मुलीचे संमतिवय 10 वरून 12 वर्षांवर नेण्यात आले. त्यावरून महाराष्ट्रात केवढे रण माजले होते. आगरकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरोधात. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा, गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे. पण जो मराठी वाचतो त्याच्या वारशात तो वाद आहेच. त्या काळी एक युक्तिवाद सर्रास केला जाई : हा उष्ण हवेचा देश, इथल्या मुली लवकर वयात येतात, सबब इंग्लंडचे नियम इथे लावू नयेत. वास्तविक मँचेस्टरच्या जॉन रॉबर्टन या डॉक्टरने त्याआधी कित्येक वर्षे, 1840च्या दशकात, हिंदुस्थानातून माहिती मागवून या समजुतीला सुरुंग लावला होता. उष्ण हवेने मुली फारशा लवकर वयात येत नाहीत, त्यांची लग्ने लवकर होतात ती रूढीमुळे, असे त्याचे म्हणणे होते. पण रूढीला हवेचे निमित्त सोयीचे होते, म्हणून ते टिकले.

आता उलट झाले आहे. आज हवेकडे बोट दाखवायला खरोखरच काही कारण आहे, तर आपण तिचे नावही घेत नाही. कारण तेव्हा हवेला मालक नव्हता. आज हवेत जे मिसळते त्याला मालक आहे, त्याच्याकडे परवाना आहे, त्याच्याकडे वकील आहे. आईकडे यांतले काहीच नसते. म्हणून दोष तिच्या पदरात घालणे सोपे.

थोडे शास्त्र पाहू. मी कला शाखेची पदवीधर, पोटासाठी सरकारी कारकुनी करणारी बाई, डॉक्टर नव्हे. पण वाचता येते, आणि वाचलेले साध्या भाषेत सांगता येते.

मुलीमध्ये 8 वर्षांच्या आत आणि मुलामध्ये 9 वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणे दिसू लागली तर वैद्यकशास्त्र त्याला अकाली म्हणते. मुलांमध्ये हे प्रमाण कमी, पण त्यांच्यात यामागे एखादा आजार सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे तर 'पोरगा उंच होतोय' म्हणून खूश होत बसू नये. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो, त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. तिथून ठरावीक वेळाने संकेत सुटू लागले की त्याखालची वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी जागी होते आणि पुढची साखळी सुरू होते. हे घड्याळ कधी वाजायचे ते घराण्यावर, पोषणावर, वजनावर अवलंबून असते. 19व्या शतकाच्या मध्यास उत्तर युरोपातील मुलींना 16-17व्या वर्षी पाळी येई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे वय 13 च्या आसपास आले. पोटभर अन्न आणि कमी झालेली रोगराई हे त्याचे मुख्य कारण. तिथपर्यंत ती चांगली बातमी होती.

पण काटा तिथे थांबला नाही. डेन्मार्कमध्ये 1991 साली मुलींत स्तनांची वाढ सुरू होण्याचे सरासरी वय 10.88 वर्षे होते, 2006 साली ते 9.86 वर आले. पंधरा वर्षांत एक वर्ष! जगभरातील अभ्यासांची 2020 साली एकत्र मांडणी झाली तेव्हा असे दिसले की 1977 ते 2013 या काळात हे वय दर दशकाला सुमारे तीन महिन्यांनी अलीकडे सरकत आले. डेन्मार्कमध्ये पंधरा वर्षांत पोषण काही एवढे सुधारले नव्हते. मग संशोधक इतरत्र शोधू लागले : मुलांचे वाढते वजन, प्लास्टिकमधली आणि सौंदर्यप्रसाधनांमधली रसायने, आणि हवा.

हवेतल्या ज्या कणांना पीएम 2.5 म्हणतात ते आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. ते फुप्फुसात खोलवर उतरतात, त्यांतले अतिसूक्ष्म तर रक्तातही पोचतात. कोळसा, डिझेल, लाकूड, कचरा अर्धवट जळला की जी काजळी होते तिच्यावर बसून काही रसायने शरीरात शिरतात, आणि त्यांतली काही अंतःस्रावांच्या कामात ढवळाढवळ करतात हे प्रयोगशाळांतून दिसले आहे. शरीर ज्या निरोपांवर चालते ते निरोप हे पाहुणे चुकीच्या दारात नेऊन टाकतात, असे समजा. 2018 साली कोरियातील एका अभ्यासात पीएम 10 जास्त असलेल्या हवेत वाढलेल्या मुलींना पाळी लवकर आल्याचे आढळले. 2023 साली अमेरिकेतील पाच हजारांहून अधिक मुलींच्या अभ्यासात तसाच संबंध दिसला. आई गरोदर असताना आणि मुलीच्या बालपणी जिथे घर होते तिथल्या हवेत सूक्ष्म कण जितके जास्त, तितकी लवकर पाळी येण्याची शक्यता अधिक.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती लपवून लिहिलेला लेख हा लेख नव्हे, जाहिरात असते. हाँगकाँगमध्ये 1997 साली जन्मलेल्या मुलांचा जो अभ्यास झाला त्यात मुलींच्या बाबतीत उलटे, म्हणजे वाढ थोडी मागे पडल्याचे दिसले. आणि 2020 ची टाळेबंदी आठवा. रस्ते ओस पडले, आकाश निळे झाले. पण इटलीतील आणि आपल्या पुण्यातीलही डॉक्टरांनी त्या काळात अकाली वयात येणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचे नोंदवले. बाहेरची हवा स्वच्छ झाली तरी घरात कोंडलेल्या, हालचाल थांबलेल्या, वजन वाढलेल्या पोरींचे घड्याळ पुढे धावले. म्हणून 'सगळे पाप हवेचे' असे मी म्हणणार नाही. वजनाचा पुरावा हवेपेक्षा भक्कम आहे. कोंबडीचा मात्र नाही : ब्रॉयलर सहा आठवड्यांत वाढतो तो निवडून तयार केलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे. त्याला दिलेल्या संप्रेरकाच्या इंजेक्शनने मुली वयात येतात ही कथा केवळ ऐकीव आहे. तरी ती घरोघरी माहीत आहे, आणि हवेवर खरोखर झालेले अभ्यास कोणाला माहीत नाहीत! याचा अर्थ काय घ्यायचा?

मंडळी, आता आपल्या गोव्याकडे येऊ.

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे. वास्कोत राहणाऱ्याला हा धडा पुस्तकातून शिकावा लागत नाही. मुरगाव बंदरात परदेशातून दगडी कोळसा उतरतो, कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी रेल्वेच्या वाघिणींतून तो घाट चढून जातो. खारे वारे वाहू लागले की त्यांतला काही वाटा गावाला मिळतो. सड्यावर, बायणात, खारीवाड्यात घर पुसून काढावे आणि संध्याकाळी अनवाणी चालावे, तळपाय काळे. वाळत घातलेला शाळेचा पांढरा गणवेश झटकूनच आत घ्यावा लागतो. 2017 च्या एप्रिल-मे महिन्यात बंदराच्या विस्तारावर वास्कोत जनसुनावणी झाली तेव्हा लोक दिवसेंदिवस रांगेत उभे राहून बोलले. 2020 च्या नोव्हेंबरात चांदर येथे रात्रभर रेल्वेरुळांवर बसून त्यांनी 'कोळसो नाका' म्हटले.

न जळालेल्या कोळशाची धूळ आणि जळालेल्या कोळशाचा धूर एकच नव्हे, हे मला कळते. धूळ बरीचशी जाड, धूर बारीक. परदेशातले अभ्यास मुख्यतः शहराच्या मिश्र हवेवर झालेले आहेत, बंदरातल्या कोळशाच्या ढिगाऱ्यावर नव्हे. पण म्हणून प्रश्न विचारायचाच नाही काय? परदेशी मुलींच्या फुप्फुसांवरून आपल्या मुलींचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा, आपल्याच मुलींची नोंद ठेवणे अधिक सोपे नाही का?

खाणपट्ट्याचे पाहा. सावर्डे-कुडचडे, उसगाव-तिस्क, डिचोली. 2010-11 च्या सुमारास ट्रकांच्या रांगांनी हे रस्ते लाल झाले होते; झाडांची पाने लाल, शाळेची कौले लाल, नाक शिंकरले तर रुमाल लाल. मग 2012 साली खाणी बंद झाल्या. 2015 साली पुन्हा थोड्या सुरू झाल्या. एप्रिल 2017 मध्ये सत्तरीतल्या सोनशी गावच्या लोकांनी धूळ आणि पाण्यासाठी ट्रक अडवले तर चाळीसहून अधिक जणांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च 2018 पासून खाणी पुन्हा ठप्प झाल्या, आणि 2024 मध्ये लिलावातल्या पट्ट्यांवर काम परत सुरू झाले. एखाद्या शास्त्रज्ञाने ठरवूनही मांडता येणार नाही असा हा प्रयोग आपल्या दारात आपसूक मांडला गेला : धूळ, धूळ बंद, धूळ, पुन्हा बंद. त्याच रस्त्यावरच्या, त्याच वाड्यातल्या, त्याच आहारावर वाढलेल्या मुली. फक्त हवा बदललेली. प्रत्येक शाळेने पाचवी ते दहावीच्या मुलींची एक साधी नोंद ठेवली असती तर आज उत्तर आपल्या हातात असते.

आणि राजधानीत राहणाऱ्यांनी नाक मुरडू नये. स्मार्ट सिटीच्या खोदकामाने पणजीचे काय झाले ते आपण पाहिले. 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना स्वतः रस्त्यावर उतरून धूळ पाहावी लागली. ज्या गोष्टीसाठी डोळे पुरेसे होते तिच्यासाठी न्यायालय लागले!

आपण सगळेच काही बंदराकडे बोट दाखवून मोकळे होऊ शकत नाही. सकाळी परसात पाचोळ्याचा ढीग करून त्यात दुधाच्या पिशव्या आणि पुठ्ठे सारून काडी लावणारे हात आपलेच असतात. बंद खोलीत रात्रभर मच्छर कॉइल जळते ती आपल्याच पोरांच्या उशाशी. पण यांतला फरकही लक्षात घ्या. परसातली काडी मी आज थांबवू शकते. ढिगाऱ्यावर पाणी मारणे, वाघिणी झाकणे, ट्रकांवर ताडपत्री बांधणे माझ्या हातात नाही. ज्याच्या हातात आहे त्याला विचारणे तेवढे माझ्या हातात आहे.

कोणी म्हणेल, पाळी दोन वर्षे अलीकडे आली तर बिघडले काय? एवढे काय आकाश कोसळले?

माझ्या एका सहकारिणीच्या मुलीचे सांगते. आठवे वर्ष पुरे झाले नव्हते. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला, त्यावरून हाडांचे वय साडेदहाच्या घरात निघाले. अशी मुले आधी झपाट्याने उंच होतात, वर्गात सगळ्यांत उंच दिसतात, आणि हाडांची टोके लवकर जुळून आली की वाढ थांबते. शेवटी तीच सगळ्यांत बुटकी राहण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी त्या मुलीला दर महिन्याला एक इंजेक्शन सुरू झाले. शाळेत जायच्या आधी दप्तरात खाऊच्या डब्याशेजारी बदलायचे कपडे ठेवायचे, आणि मैत्रिणींना काय सांगायचे ते पढवायचे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिला चार दिवस देवघरात जायला मनाई केली. 'मी काय केले?' असे तिने विचारले, आणि त्या घरातल्या चार पदवीधरांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही.

तिचे शरीर बाराचे दिसते, मन आठाचे आहे. बसमधल्या माणसाला मन दिसत नाही. त्याच्या नजरेला काय म्हणतात हे तिला कळत नाही, फक्त भीती वाटते. अशा मुलींत पुढे नैराश्याचे प्रमाण अधिक आढळते. आणि हिशेब तिथेही संपत नाही. 2012 साली जगभरातल्या 117 अभ्यासांची एकत्र मांडणी झाली; त्यात पाळी एक वर्ष लवकर आली तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 5 टक्क्यांनी वाढतो असे दिसले. आज आठ वर्षांच्या मुलीच्या नावावर आपण जे कर्ज काढतो आहोत ते ती पन्नाशीत फेडणार आहे.

त्या मुलीच्या तपासणीत आईला पुष्कळ प्रश्न विचारले गेले. काय खाते, वजन किती, घराण्यात कोणाला असे झाले होते का, कोणते क्रीम लावता. सगळे योग्य प्रश्न. घर कुठे आहे, खिडकी कोणत्या दिशेला उघडते, हे कोणी विचारले नाही. डॉक्टरांचा दोष नाही, त्यांच्या समोरच्या कागदावर तो प्रश्न छापलेलाच नव्हता.

इथे माझी कारकुनी मला कामी येते. पंचवीस वर्षे फायलींत घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते : ज्याला रकाना नाही ते सरकारच्या लेखी अस्तित्वात नाही. अर्जात रकाना असेल तर माहिती येते, माहिती आली की बेरीज होते, बेरीज झाली की विधानसभेत प्रश्न येतो, आणि प्रश्न आला की कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. म्हणूनच नको असलेल्या गोष्टीवर बंदी घालावी लागत नाही. तिचा रकाना छापला नाही की काम भागते.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात उंची आणि वजन लिहायला जागा असते. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांतल्या मुलांची तपासणी होते, तिचे चार मोठे मथळे आहेत : जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब. विलंबाला मथळा आहे. घाईला नाही. दुसरीकडे हवा मोजणारी यंत्रे आहेत, त्यांचे आकडे वेगळ्या खात्याच्या वेगळ्या फायलीत जातात. आरोग्याची फाईल एका इमारतीत, हवेची दुसऱ्या इमारतीत, शाळेची तिसऱ्या इमारतीत. तिन्ही एका टेबलावर आणायला कोणतेही नवे यंत्र लागत नाही. एक परिपत्रक लागते.

म्हणून माझी मागणी अगदी कारकुनी आहे. मुरगाव, धारबांदोडा, सांगे, केपे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतल्या शाळांत तपासणीच्या कागदावर, मुलीचे नाव गुप्त ठेवून, पाळी सुरू झाल्याचे वय आणि घराचा वाडा असे दोन रकाने वाढवा. तुलनेला काणकोण आणि पेडणे घ्या. शेजारच्या यंत्राचा पीएम 10 आणि पीएम 2.5 चा आकडा त्याला जोडा. दर वर्षी तो तक्ता लोकांसमोर ठेवा. पाच वर्षांत कळेल. हवा निर्दोष निघाली तर मी पहिली आनंद मानीन आणि वजनाच्या, खेळाच्या मैदानांच्या मागे लागू.

तोपर्यंत काय? 'पुरावा पुरा होऊ द्या' हे वाक्य मी फायलींवर पुष्कळदा वाचले आहे. पुरावा पुरा होईपर्यंत धूळ सोडायची की झाकायची, हा प्रश्न उरतोच. या धुळीने दमा बळावतो, हृदय आणि फुप्फुसे बिघडतात हे तर केव्हाच सिद्ध झाले आहे. त्यासाठी ती झाकायचीच आहे. पीएम 2.5 ची आपली राष्ट्रीय वार्षिक मर्यादा 40 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली सांगितलेली 5 आहे. आठपट! 'हवा मर्यादेत आहे' असे पुन्हा कोणी सांगितले तर कोणत्या मर्यादेत, एवढे विचारा.

आणि घरात एखादी लहानगी अवेळी मोठी झालीच, तर तिच्या ताटात, तिच्या मोबाईलमध्ये, तिच्या आईच्या नोकरीत गुन्हेगार शोधू नका. तिला डॉक्टरांकडे न्या. चार दिवस वेगळे बसवू नका. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी तुम्ही होऊन सांगा : आमचे घर अमुक वाड्यावर आहे, आणि तिथे वारा अमुक दिशेने येतो. ते केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. रकाना नसेल तर समासात लिहा.